सख्ख्या भावावर स्मॉल क्लेम: घरातल्या पाणीगळतीचं एक प्रकरण

हे प्रकरण, म्हणजे छोट्या रकमेचा एक कोर्टातला दावा, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातलं आहे. बहीण आणि भाऊ, दोघांनीही ते लिहायला होकार दिला. नावं आणि शहर गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी वकील नाही. कोर्टाचे फॉर्म भरायला, कागद लावायला लोकांना मदत करते, आणि इथे बहिणीचे कागद मी लावले होते. त्यामुळे मी पूर्ण तटस्थ आहे असं म्हणणार नाही. पण सगळं मिटल्यावर भावाशीही दोनदा निवांत बोलले. त्याची बाजू त्याच्याच शब्दांत कळावी म्हणून.

पार्श्वभूमी

बहीण मोठी, पन्नाशीतली. स्वतःचं घर, नवरा, मुलं शिकायला बाहेर. भाऊ सहा वर्षांनी लहान. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं भाड्याचं घर सुटलं आणि विकत घेतलेल्या घराचा ताबा लांबला. बहीण म्हणाली, "हॉटेलात कशाला राहता? वरची खोली रिकामीच आहे." महिना-दीड महिन्याचा हिशोब होता. मुक्काम सात महिन्यांपर्यंत लांबला.

भाडं ठरलं नव्हतं, कारण सख्ख्या भावाशी भाडं ठरवायचं तरी कसं? भाऊ किराणा भरायचा, बागेतलं गवत कापायचा, घरातली बारीकसारीक दुरुस्ती करायचा. त्याचा हात चांगला आहे आणि तशी कामं त्याला आवडतात. बहिणीच्या मनात मात्र हळूहळू साचत गेलं: गॅसचं बिल वाढलं, स्वयंपाकघर आपलं राहिलं नाही, पाहुणे कधी जाणार हे विचारायची सोय नाही. ती कधी बोलली नाही. हे साचलेलं पुढे दाव्याच्या आकड्यात कसं उतरलं, ते ओघाने येईलच.

काय बिघडलं

फेब्रुवारी २०२४. वरच्या बाथरूममधल्या बेसिनचा नळ गळत होता. प्लंबर बोलवायचं ठरत होतं, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, त्याला कशाला पैसे देतेस? तासाभराचं काम आहे, मी करतो." त्याने नवा नळ आणला आणि शनिवारी बसवला.

नळाला खालून जोडणाऱ्या लवचिक पाइपचा नट तिरका बसला होता. आट्यावर आटा नीट न चढता नट तसाच पान्याने आवळला गेला. अशा वेळी नट हाताला घट्ट लागतो, पण आतला वॉशर एका बाजूनेच दाबला जातो. सोमवारी घरात कोणी नसताना पाइप सुटला. पाणी सुमारे पाच तास वाहत होतं. संध्याकाळी बहिणीने दार उघडलं तेव्हा दिवाणखान्याच्या छताचा अर्धा भाग सोफ्यावर पडला होता आणि दिव्याच्या तारेवरून पाण्याची धार लागली होती.

खिडकीखाली आईची पेटी होती. आई गेल्यावर ती भारतातून इकडे आणली होती. भात्याचं कातड्याचं जोडकाम सुटलं, लाकूड फुगलं आणि वरच्या सप्तकातल्या पट्ट्या दाबल्या की तशाच खाली राहू लागल्या.

भाऊ त्या रात्री दोन वाजेपर्यंत पाणी उपसत होता. "मी भरून देईन," असं तो म्हणाल्याचं बहिणीला स्पष्ट आठवतं. भावाच्या आठवणीप्रमाणे तो म्हणाला होता, "आपण बघू, काहीतरी करू." तीन आठवड्यांनी त्याच्या नव्या घराचा ताबा मिळाला आणि तो गेला. छत तसंच उघडं होतं.

विम्याचं दार

बहिणीने आधी विमा कंपनीकडे अर्ज केला. तो बरोबरच होता. पाइप फुटून झालेलं नुकसान बहुतेक घरविम्यांत धरलेलं असतं. पण तिच्या पॉलिसीत सदोष कारागिरीमुळे झालेलं नुकसान वगळलं होतं, आणि नट कोणी बसवला हे तिने अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. कंपनीने नकार दिला.

इथे पहिली मोठी चूक झाली. विमा कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून ६ महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था) तक्रार करता येते. त्याला ग्राहकाला काहीही खर्च येत नाही. कंपनीने ते कलम ओढूनताणून लावलं का, हे तिथे तपासलं गेलं असतं. निकाल काय लागला असता ते सांगता येणार नाही, पण भावावर दावा लावण्याआधी हे दार ठोठावायला हवं होतं. बहीण माझ्याकडे आली तेव्हा मुदत शिल्लक होती. मी तिला हे सांगितलं, पण आग्रह धरला नाही. तिचं मन तोवर भावावर खिळलं होतं आणि मी तिच्या मनामागे गेले.

समोर असलेले पर्याय

सोडून देणं हा एक पर्याय होता. तिचे यजमान त्याच मताचे होते. नातेवाइकांतल्या कोणी मध्यस्थी करावी हा दुसरा. त्यांच्या मामांनी फोनवर प्रयत्न केला, पण मामांनी दोघांनाही "तुझंच बरोबर आहे" असं सांगितलं आणि गुंता वाढला. तिसरा पर्याय कोर्टाचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पाउंडांपर्यंतचे पैशाचे साधे दावे काउंटी कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीने, चालतात. ही मर्यादा २०१३ पासूनची आहे, त्याआधी ती ५,००० होती. वकील लागतच नाही, आणि लावला तरी त्याची फी हरणाऱ्याकडून सहसा मिळत नाही. जिंकलं तर कोर्टाची फी आणि ठरावीक किरकोळ खर्च तेवढा मिळतो. शिवाय वेळ भरपूर असतो. निष्काळजीपणाने मालमत्तेचं नुकसान झाल्याच्या दाव्याला १९८० च्या लिमिटेशन अॅक्टप्रमाणे ६ वर्षांची मुदत आहे. मुदत संपेल या भीतीने घाईघाईने दावा लावायची इथे गरज नव्हती. हे मी तिला दोनदा सांगितलं.

पहिला निर्णय: दावा कशाच्या आधारावर

बहिणीचा भर "भरून देईन" या शब्दांवर होता. मला तो पाया कच्चा वाटला. घरच्या माणसांत झालेले करार कायद्याने बांधून घेण्याच्या हेतूने केलेले नसतात, असं इंग्लिश कायदा गृहीत धरून चालतो. नवरा-बायकोच्या बाबतीत ते १९१९ च्या बाल्फोर विरुद्ध बाल्फोर निकालात ठरलं. पुढे १९६९ च्या जोन्स विरुद्ध पॅडाव्हॅटन खटल्यात आई आणि मुलगी एका घरावरून समोरासमोर आल्या, तेव्हाही हाच विचार झाला. हे गृहीतक खोडता येतं, पण रात्री दोन वाजता पाणी उपसताना उच्चारलेल्या एका वाक्यावर ते खोडणं अवघड होतं.

निष्काळजीपणाचं तसं नाही. तिथे करार लागत नाही. नात्यातल्या माणसानेही दुसऱ्याच्या घरात काम करताना वाजवी काळजी घ्यायची असते. प्रश्न उरतो तो किती काळजीचा. १९५८ च्या वेल्स विरुद्ध कूपर खटल्यात एका घरमालकाने स्वतः बसवलेली दाराची मूठ हातात आली आणि घरी माल पोचवायला आलेला माणूस पडला. कोर्ट म्हणालं की घरगुती काम करणाऱ्याला पगारी कंत्राटदाराची मोजपट्टी लावायची नाही, पण तसलं काम बऱ्यापैकी जमणाऱ्या माणसाचं कौशल्य त्याने दाखवायला हवं. मूठ पाऊण इंची स्क्रूंनी बसवली होती आणि तेवढं पुरेसं धरलं गेलं, घरमालक सुटला. म्हणजे ही मोजपट्टी दोन्ही बाजूंनी कापते. आमच्या प्रकरणात नट तिरका बसला होता आणि बसवल्यावर कागद धरून ओल तपासली नव्हती. बऱ्यापैकी जाणकार माणूस ते तपासतो. म्हणून दावा निष्काळजीपणावर उभा केला आणि "भरून देईन" हे वाक्य फक्त घटनाक्रमात ठेवलं.

दुसरा निर्णय: आकडा

बहिणीने आणलेली यादी ६,०१० पाउंडांची होती. छताचं प्लास्टर आणि रंग १,४८०. वीजतंत्र्याची तपासणी २२०. लाकडी जमीन २,३५०. सोफा १,१००. ओल काढायचं यंत्र भाड्याने, २६०. आईची पेटी ६००.

एका संध्याकाळी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून ही यादी ओळ-ओळ वाचली. सगळ्या प्रकरणात जास्त वेळ याच कामात गेला, आणि माझ्या मते जाणं योग्यच होतं. छत, वीज आणि यंत्र यांच्या पावत्या होत्या, त्यावर वाद नव्हता. जमीन मात्र ९ वर्षं जुनी होती. जुन्याच्या जागी नवं आलं की फिर्यादीची स्थिती आधीपेक्षा सुधारते, आणि न्यायाधीश सहसा तेवढा भाग वजा करतात. २,३५० चे आम्ही १,४०० केले. सोफा ११ वर्षांचा. ज्या किमतीला तो भिजण्याआधी विकला गेला असता तेवढीच भरपाई. ३०० लिहिले. ती म्हणाली, "पण मला नवा घ्यायला अकराशेच लागले ना?" लागले. पण ते सगळे भावाने घडवलेलं नुकसान नव्हते.

मग पेटी. मी विचारलं, "पेटी कोणाची?" ती म्हणाली, "आईची." आईने मृत्युपत्र केलं नव्हतं, वाटणीही झाली नव्हती. म्हणजे पेटीत भावाचाही हिस्सा होता, आणि भावाकडूनच तिची पूर्ण किंमत मागायला निघालो होतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सातशे लिहिणार होते. रागाने. मग शंभर कमी केले." पेटीवर काट मारली.

यादी ३,६६० वर आली. ५,००० च्या वर दाव्याची फी ४५५ पाउंड होती, ३,००० ते ५,००० मध्ये २०५. म्हणजे २५० तिथेच वाचले. पण कामाची गोष्ट वेगळीच घडली. यादीतून सात महिन्यांची धुसफूस निघून गेली आणि फक्त पाण्याने केलेलं नुकसान उरलं. नात्यातला दावा लावणाऱ्या प्रत्येकाला मी आता हीच यादी समोर ठेवून बसवते आणि प्रत्येक ओळीपुढे विचारते: हे नळाने केलं, की हे तुमच्या मनात आधीपासून होतं?

तिसरा निर्णय: टॉवेल

तिसऱ्या भेटीत ती सहज बोलून गेली की रविवारी रात्री बेसिनखालच्या कपाटात हात घातला तेव्हा फळी ओली लागली होती. तिने जुना टॉवेल घडी करून तिथे ठेवला, सकाळी भावाला सांगू असं मनाशी म्हणाली आणि विसरली.

ही साधी गोष्ट नव्हती. नुकसानीत फिर्यादीचाही दोष असेल तर १९४५ च्या काँट्रिब्यूटरी नेग्लिजन्सच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश त्या प्रमाणात भरपाई कमी करू शकतात. टॉवेलची गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

दाव्याखाली सत्यतेचं विधान असतं आणि त्यावर सही करायची असते. मी तिला सांगितलं की विचारल्यावर कबूल करण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं. दोन दिवस विचार करून तिने ते घटनाक्रमात घातलं: रविवारी रात्री मला ओल दिसली, मी टॉवेल ठेवला, कोणाला सांगितलं नाही.

पत्र, आणि "मिस्टर"

दावा लावण्याआधी समोरच्याला पत्र पाठवून उत्तराला वाजवी वेळ द्यावा, असं कोर्टाच्या आचारपद्धतीत आहे. साध्या प्रकरणात १४ दिवस धरतात. मे २०२४ मध्ये पत्र गेलं. मसुदा माझा. नियमात चोख बसणारं पत्र होतं: काय घडलं, किती रक्कम, कोणते पुरावे, किती दिवस. आणि वर "डिअर मिस्टर", पुढे आडनाव. बहिणीचं माहेरचं आडनाव.

भाऊ नंतर मला म्हणाला, "रकमेचं काही नाही. ताईने मला मिस्टर म्हटलं. मी ते पाकीट बायकोच्या हातात दिलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो." त्याने उत्तर दिलं नाही. चौदा दिवस उलटले, एकवीस उलटले.

याची जबाबदारी माझी आहे. पत्र इंग्रजीत आणि औपचारिक हवं होतं, कारण ते पुढे न्यायाधीशांसमोर जाणार होतं. पण सोबत तिच्या हातची चार मराठी ओळींची चिठ्ठी ठेवायला कोणती आचारपद्धती आडवी आली होती? किंवा पत्र पडायच्या आदल्या दिवशी तिने फोन करून "उद्या माझं एक पत्र येईल, वाचून रागावशील, पण मला दुसरा मार्ग सुचत नाहीये" एवढं सांगायला? तेव्हा मला सुचलं नाही. आता प्रत्येक वेळी सुचवते.

दावा आणि बचाव

जुलै २०२४ मध्ये दावा दाखल करायचा एन-१ फॉर्म गेला. वर्षाला ८ टक्के व्याज मागता येतं, तिने ते मागितलं नाही. भावाने दावा मिळाल्याची पोच दिली, त्यामुळे बचावाला १४ ऐवजी २८ दिवस मिळाले.

त्याचा बचाव मुद्देसूद होता. पाइप मुळातच सदोष असेल. काम बहिणीच्या संमतीने, तिच्या फायद्यासाठी, विनामोबदला केलं. शिवाय ओल दिसूनही तिने सांगितलं नाही. शेवटचा मुद्दा तिच्याच कागदातून उचललेला.

पाइपच्या मुद्द्यावर आम्ही अडकलो होतो. नंतर आलेल्या प्लंबरने जुना पाइप आणि नट फेकून दिला होता. नशिबाने त्याने काम सुरू करण्याआधी फोनवर एक फोटो काढला होता, आणि त्यात नट पाइपवर तिरका बसलेला दिसत होता. त्या फोटोसोबत त्याच्याकडून तीन ओळींचं लेखी निवेदन घेतलं. हा फोटो नसता तर शक्यतेचं पारडं कुठे झुकलं असतं, सांगता येत नाही. असं काही घडलं तर मोडलेला भाग पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवावा. छताचे चाळीस फोटो तिच्याकडे होते. ज्याने छत पाडलं त्या नटाचा एकच, तोही दुसऱ्याने काढलेला.

मध्यस्थी

२२ मे २०२४ पासून दाखल झालेल्या छोट्या पैशाच्या दाव्यांत कोर्टाच्या मध्यस्थी सेवेची भेट बंधनकारक झाली. ती मोफत असते, फोनवर होते, तासाभराची असते. दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत. मध्यस्थ आळीपाळीने दोघांना फोन करतो आणि निरोप पोचवतो. तो निकाल देत नाही. तिथे झालेलं बोलणं पुढे न्यायाधीशांना सांगता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये भेट झाली. बहिणीने आधीच एका कागदावर तीन आकडे लिहून ठेवले होते: मागायचा, पटेल असा, आणि ज्याच्या खाली उठून जायचं तो. शेवटचा २,४०० होता. न ठरल्यास सुनावणीची फी ३४६ पाउंड, कामाचा एक दिवस, टॉवेलमुळे होऊ शकणारी कपात आणि समोरासमोरची साक्ष, हे सगळं धरून काढलेला.

भावाने १,५०० पासून सुरुवात केली, तिने ३,२०० पासून. मधल्या एका फोनमध्ये मध्यस्थ म्हणाला की समोरच्या व्यक्तीला एका संगीत वाद्याबद्दल विचारायचं आहे, ते दाव्यात का नाही? बहिणीने सांगितलं, "ती आमच्या दोघांची आहे म्हणून." तो निरोप पलीकडे गेला. पुढचा आकडा २,३०० आला.

२,६०० वर ठरलं. दरमहा २०० चे तेरा हप्ते. दाव्याची २०५ फी बहिणीनेच सोसली. शिवाय एक अट लिहून घेतली: पेटीची दुरुस्ती करून घ्यायची, खर्च निम्मा-निम्मा. ही अट न्यायाधीश देऊ शकले नसते, कारण दाव्यात पेटी नव्हतीच. आणि निकाल झाला नसल्यामुळे भावाच्या नावावर कोर्टाच्या निकालाची, कर्ज देणारे बघतात ती, नोंद झाली नाही. निकाल लागून महिन्याभरात पूर्ण रक्कम फेडली नसती, तर ती नोंद ६ वर्षं राहिली असती, आणि त्याच्या डोक्यावर नवं गृहकर्ज होतं.

न्यायाधीशांसमोर तिला २,६०० पेक्षा जास्त मिळाले असते का? माझा अंदाज: थोडे जास्त मिळू शकले असते, ३,००० च्या आसपास. पण टॉवेलमुळे कपात झाली असती तर कमीही. कमी घेतलं याची तिला हळहळ वाटली का, असं मी विचारलं. "दोन दिवस वाटली," ती म्हणाली.

टॉवेलची ओळ दाव्यात नसती तर? हा प्रश्न मी भावाला विचारला. "तर मी शेवटपर्यंत लढलो असतो," तो म्हणाला. "ती ओळ वाचली तेव्हा कळलं की ताई खरं तेच लिहितेय. मग मलाही नटाबद्दल खोटं बोलवेना. मला बसवतानाच वाटलं होतं की तो सरळ गेला नाही."

पुढे

हप्ते नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झाले. एक नऊ दिवस उशिरा आला. बहिणीने माझ्याकडे न येता त्याला स्वतःच मेसेज केला: "हप्ता राहिला का रे?" कोरडं उत्तर आलं, पण पैसेही आले. गेल्या दिवाळीला तो एकटाच तासभर येऊन गेला. भावजय आली नाही आणि अजून आलेली नाही. तिच्या मते कोर्टाचं पाकीट घरात येणं ही गोष्ट पैशांनी मिटत नाही, आणि तिचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

तेरा हप्त्यांपैकी प्रत्येकाच्या बँकेतल्या नोंदीत, संदर्भाच्या रकान्यात, भावाने दाव्याचा क्रमांक टाकला होता. पेटी भारतात जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. भाता नवा बसला, पट्ट्या मोकळ्या झाल्या, एक सूर अजून जरा बसकाच लागतो. बिल आल्यावर बहिणीने त्याला फोटो पाठवला, आणि त्याच संध्याकाळी निम्मी रक्कम जमा झाली. तिने मला बँकेचा कागद दाखवला. त्या रकान्यात या वेळी क्रमांक नव्हता. लिहिलं होतं: आईची पेटी.